सासूबाईंच्या पदराची पिन

जर्मनीत इंगोलश्टाटजवळ आमच्या घराचं बांधकाम वर्षभर का रखडलं, ते सांगते. पायाच्या मातीत सासूबाईंना हिरवी पडलेली एक पिन सापडली. त्यांनी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि पदराला लावली.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या बाई खोदकाम बघायला आल्या. पदराकडे नजर जाताच त्या विटांवर खालीच बसल्या. म्हणाल्या, "ही रोमन आहे, ब्राँझची. काम थांबवावं लागेल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मी सासूबाईंना समजावलं, "आई, फार जुनी वस्तू आहे. त्या काळचे लोक हिने अंगावरचं वस्त्र अडकवायचे."

"मग मी काय वेगळं केलं?"

बाईंनी हात पुढे केला. सासूबाईंनी पदर घट्ट धरला.

"देते की. आधी तिला म्हणावं, एक सेफ्टी पिन दे."