साखरपुड्यातला फिका चेहरा

नौपाड्यातल्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नंबर लावून बसलेलो. शेजारी एक आई, तिचा मुलगा आणि नुकताच साखरपुडा झालेली मुलगी.

“सुशांत, साखरपुड्याच्या व्हिडिओत ताईचा चेहरा राखेसारखा का रे?”

“आई, मुद्दाम फिकं शूट केलंय. डीएसएलआर कॅमेरा फाइल दाबून लहान करतो, तेव्हा भडक रंगात बारकावे मरतात. रंग नंतर कॉम्प्युटरवर भरायचे असतात.”

“मग भरले का नाहीस?”

“भरणारच होतो! त्याआधीच तू तिच्या सासरी पाठवलास.”

“विहीणबाईंचा लगेच फोन. म्हणे, पोरीच्या अंगात रक्तच नाही, रिपोर्ट पाठवा.”

“आई, मी ठणठणीत आहे गं!”

“माहितीये. गपचूप सुई टोचून घे.”

“रिपोर्टचा फोटो मी काढतो, कॅमेऱ्याने.”

“हात लावू नकोस! त्यातलं रक्तही नंतर भरशील.”