कौसाआत्याची चौकशी आणि चौकातला फ्लेक्स

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न टाकतो. विचारणं हे पाप आहे का? एखाद्यावर विश्वास टाकला की त्याला काही विचारायचं नाही, त्याचा अपमान होतो, असं आपण धरून चाललोय. खरं आहे का हे? तुम्ही मडकं घ्यायला जाता. बोटानं टकटक वाजवता, कान लावता. कुंभार रागावतो का? नाही! तो म्हणतो, घ्या की वाजवून! रागावतो कोण? ज्याच्या मडक्याला चीर असते तो!

मडके घ्यावे वाजवून । वाट धरावी विचारून ॥

काय हो मृदंगाचार्य, मान डोलावताय! तुम्हालाही आम्ही वाजवूनच घेतलंय, विसरू नका!

तर बोरदरी नावाचं गाव. गावात दिगंबरशेठ ढोबळे. चौकात हार्डवेअरचं दुकान. माणूस भला, पण भारी चिकित्सक! नळाची तोटी घेतली तर फुंकून बघणार, कडी घेतली तर दहादा लावून बघणार. एकुलती एक लेक, प्रणोती. सातवीपासून एकच ध्यास — डॉक्टर व्हायचं! पोरगी डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पास झाली, पण इथल्या सरकारी कॉलेजात नंबर थोडक्यात हुकला. दोन दिवस जेवली नाही हो!

अशा वेळी धावून कोण येतं? देव म्हणता? देव येतो सावकाश. आधी एजंट येतो!

विक्रांत सर! गळ्यात टाय, हातात गुळगुळीत पुस्तिका. "शेठ, परदेशातलं मेडिकल कॉलेज. बर्फाचा देश. सहा वर्षं, की पोरगी थेट डॉक्टर! दोनच जागा उरल्यात." देशाचं नाव मी सांगणार नाही, मंडळी, कारण दोष देशाचा नाही. पुस्तिकेवर काचेची इमारत, पांढऱ्या कोटातली पोरं, सगळ्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतायत! दिगंबरशेठनं पुस्तिका उलटीसुलटी केली. आणि तोटी फुंकून घेणारा हा माणूस — एक प्रश्न न विचारता "हो" म्हणाला!

का? अहो, साहेबाला विचारायचं कसं! आपल्याला इंग्रजी येत नाही, डॉक्टरकीतलं कळत नाही. विचारलं आणि अडाणी ठरलो तर?

बरं, "हो" म्हणून थांबला का? दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स! बारा फूट बाय आठ! प्रणोतीचा फोटो, गळ्यात कॉम्प्युटरनं अडकवलेला स्टेथोस्कोप. "परदेशी निघालेल्या डॉ. प्रणोती यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली सत्तावीस शुभेच्छुक. त्यातल्या चौघांना त्यांचा फोटो लागलाय हे अजून ठाऊक नाही! — हसताय काय? मागच्या रांगेत दोघं बसलेत फ्लेक्सवाले, मला दिसतायत!

झालं! पोरगी अजून पासपोर्टच्या रांगेत, आणि गावात डॉक्टर होऊन बसली. सोमवारी विक्रांत सर मूळ कागद न्यायला येणार होते. कागद हातातून गेले की सहा वर्षं गेली, चुकली तरी परत मिळायची नाहीत. प्रणोतीच्या मनात शंका होती हो! पण वर बघितलं की स्वतःचाच फोटो हसायचा, आणि विचारायचं राहून जायचं.

अशात आली कौसाआत्या. दिगंबरशेठची थोरली बहीण. शाळा चौथी, पण सोयरिकीच्या चौकशीत तिचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही! स्थळ आलं की आत्या मुलाच्या घरी जायचीच नाही. आधी त्या गावच्या पिठाच्या गिरणीवर जायची! चार बायका दळण घेऊन बसल्या की तासाभरात सात पिढ्या बाहेर.

आत्यानं फ्लेक्स बघितला, घरात शिरली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दिगू, पोरीला सहा वर्षांसाठी द्यायलास. घर बघितलंस का?"

"अक्का, लग्न नाही हे. कॉलेज आहे!"

"मग तर जास्तच बघायला पाहिजे. नवरा वाईट निघाला तर पोर माहेरी येती. सहा वर्षं वाईट निघाली तर पोरीनं कुणाच्या घरी जाऊन बसायचं?"

मंडळी, ऐकलंत ना?

आत्यानं विक्रांत सरांना फोन लावायला लावला. "तुमच्या कॉलेजातनं शिकून आलेल्या पोरांचे नंबर द्या." त्यांनी हसत हसत तीन दिले. आत्या तिघांशी बोलली. पहिला म्हणाला, "कॉलेज उत्तम, जेवण घरच्यासारखं." दुसरा म्हणाला, "कॉलेज उत्तम, जेवण घरच्यासारखं." तिसरी म्हणाली — म्हणा की माझ्याबरोबर — "कॉलेज उत्तम, जेवण घरच्यासारखं!"

आत्यानं फोन ठेवला. "दिगू, तीन सुना एका सुरात सासूचं कौतुक करत्यात. पाहिलंस का कुठं?"

अहो, बायकांची बाजू बघा कशी हसायला लागली! — आत्याचा नेमच होता: मध्यस्थानं दाखवलेल्या सुनेला विचारायचं नाही. आपण शोधलेल्या सुनेला विचारायचं. मग सुरू झाली शोधाशोध. आत्याच्या नणंदेची जाऊ, त्या जावेचा भाचा, अभिजित. त्याच कॉलेजातनं शिकून दोन वर्षांपूर्वी आलेला. रविवारी सकाळच्या एसटीनं तिघं त्याच्या गावाला निघाली — आत्या, प्रणोती, आणि तोंड फुगवलेला दिगंबरशेठ. त्याच्या मनात एकच — अक्का माझं नाक कापणार!

घर आलं. दारावर फ्लेक्स होता.

दोन वर्षं उन्हात टांगलेला. रंग उडालेला, एक कोपरा फाटून लोंबतोय. "डॉ. अभिजित यांचे हार्दिक अभिनंदन!" दिगंबरशेठचा पाय उंबऱ्यातच थबकला.

अभिजितचे वडील पुढं आले. "या, या! आमचे डॉक्टरसाहेब आत आहेत!" तोंडभरून म्हणाले हो. आणि आत खाटेवर बसलेल्या पोरानं मान वर केली नाही.

वडील चहाचं सांगायला गेले. आत्या त्याच्या शेजारी बसली. इमारत किती मजली, हे विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बाळा, तिथं तुला पेशंटला हात लावू देत होते का?"

अभिजितनं वडील गेले त्या दाराकडं बघितलं. मग हळू बोलला.

"नाही आत्या. वर्गात शिकवायचे इंग्रजीत. दवाखान्यातली माणसं बोलायची त्यांच्या भाषेत. ती भाषा आम्हाला कुणी नीट शिकवलीच नाही. पोट कुठं दुखतंय, एवढं विचारता यायचं नाही. मग आम्हाला भिंतीकडंनं उभं करायचे. तीन वर्षं मी भिंतीला टेकून डॉक्टरकी बघितली."

"आणि त्यांच्या देशात तुला डॉक्टर मानत्यात का?"

"नाही. तिथला परवाना आम्हाला मिळत नव्हता. इकडं आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. चारदा दिली, चारदा नापास झालो. बाबांना अजून सांगितलं नाही." त्यानं प्रणोतीकडं बघितलं. "ताई, हे जायच्या आधी विचारता आलं असतं. पण तेव्हाही असाच फ्लेक्स लागला होता."

मंडळी, दिगंबरशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खाटेवर त्याला अभिजित दिसेना. सहा वर्षांनंतरची आपली लेक दिसायला लागली.

जाताना आत्यानं अभिजितच्या पाठीवरून हात फिरवला. "पाचव्यांदा दे. पण आधी बापाला खरं सांग. ओझं घेऊन चढ चढवत नाही."

गावात उतरल्यावर दिगंबरशेठ घरी गेलाच नाही. दुकानातली शिडी काढली, भर चौकात फ्लेक्सला लावली, स्वतः चढला! खाली गर्दी. कुणीतरी म्हणालं, "काय शेठ, रद्द झालं का?"

शेठ वरून ओरडला — "रद्द नाही! वाजवून बघतोय!"

सोमवारी विक्रांत सर आले. प्रणोतीनंच विचारलं, बाप शेजारी बसून होता. "सर, पेशंटला हात लावू देतात का? त्या देशाचा परवाना मिळतो का? इथली परीक्षा किती जण पास झाले?" सर रागावले. "विश्वास नसेल तर राहू द्या!" — रागावणाऱ्याच्या मडक्याला काय असतं, सांगितलंय मी!

पुढं वर्ष गेलं चौकशीत. कॉलेज सापडलं, तेही परदेशातलंच! पण तिथं शिकणारी आपली पोरं बापलेकीनं स्वतः शोधली, सरकारी नियम स्वतः वाचून घेतले. प्रणोती गेली. पहिल्या वर्षी हाडांच्या नावांबरोबर तिनं तिथल्या म्हाताऱ्यांची बोलीही शिकून घेतली. परत आली, इथली परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली. पहिल्या खेपेला नाही हं, खोटं कशाला सांगू!

आली तेव्हा चौकात फ्लेक्स नव्हता. जुना फ्लेक्स आत्याच्या गोठ्यावर पालथा अंथरलेला, गळती थांबवायला. अभिनंदन खाली, म्हशीच्या बाजूला!

आत्या आता थकलेली, अंथरुणावर. प्रणोती तिच्या उशाशी बसली. आत्यानं डोळे उघडले आणि जुनाच प्रश्न विचारला — "लावू दिला का गं हात?"

पोरीनं आत्याचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली, आणि घड्याळाकडं बघत मोजायला लागली.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. तुम्ही वांगं दाबून घेता, खोंडाचे दात मोजून घेता. आणि पोटच्या पोराचं आयुष्य? ते तेवढं पुस्तिका बघून देता! का, तर विचारलं तर लोक अडाणी म्हणतील! अहो, आत्या चौथी शिकलेली. तिला लाज वाटली नाही, कारण तिच्या पोटात माया होती. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्यासाठी माणूस दहा दारं ठोठावतो. तेव्हा उद्या घरात लेकरू समोर बसेल, तेव्हा चौकातल्या चार माणसांकडं बघू नका, त्याच्याकडं बघा. आणि विचारा! म्हणा माझ्याबरोबर, जरा मोठ्यानं — फ्लेक्सवाले, तुम्हीसुद्धा!

मडके घ्यावे वाजवून । वाट धरावी विचारून ॥