बडनेरा सडकेचं वळण

—नाई साहेब, तथी नाला कदीच नोयता. कोनं सांगतलं तुमाले? मी? मंगाशी? — सांगतलं असन. तोंडाले सवय झाली हाय. तीस वर्सं झाले, जो इचारते त्याले मी नालाच सांगतो. बसा तुमी, खाटंवर बसा — तिकडून काथ्या ढिला हाय, जरा इकडं सरका. इतक्या उन्हाचं राजापेठंपासून सायकल मारत आले, पानी प्या अगुदर. कागद राहू द्या मांडीवर. हुसेन मुकादम कुठं पळून नाई चालला अन् कागदबी नाई चालला.

सडकंचं इचारता ना? मंग मुळापासून आयका, कावून की तुमच्या फाइलीत मूळ नाई. माहा आजा सांगे, रेल नोयती तवा अमरावतीचा कापूस बैलाच्या पाठीवर लादून पार मिर्झापुरापावतर जाये — नागपुरी दरवाज्यातून निंघाला का महिनोन् महिने वाट. या बडनेऱ्याच्या बाजूले तवा कोन येते? कोनी नाई. मंग बडनेऱ्याले रेल आली, अन् साऱ्या कापसानं तोंड फिरवलं. अंबा दरवाज्यातून गाड्या निंघाल्या का राजापेठ उतरून टेसनपावतर रांगच रांग — अन् वाट कशी, तर बैल मुतत गेल्यावानी, माफ करा, पन तशीच होती. जथी इहीर तथी वाट. चिचंच्या झाडाखाली ईसाव्याले वळली, पुढं बाभळीतून वळली, पावसाळा लागला का चाकं काळ्या मातीत आसापावतर जात अन् गाडीवाले बैलाइले शिव्या देत बसत. पुढं बडनेऱ्यापासून रेलचा फाटा अमरावती गावात आला, तरी गाड्या काई हटल्या नाईत. मंग वऱ्हाड नागपूरच्या सीपीले, मध्य प्रांताले जोडलं, त्याच्या चार-पाच सालानं हुकूम आला — सडक सरळ करा, मुरूम टाका, खडी दाबा. तवा मी बावीस वर्साचा. मुकादम-फुकादम काई नाई, मोजनीची साखळी ओढाची अन् झेंडीचा बांबू धराचा, हे काम.

तर मंग सरळ सडकंच्या मधातच हे वळन कुठून आलं? हेच इचाराले आले ना तुमी? मालूम हाय मले. काल रुख्मिणी येऊन गेली. तिनं सांगतलं, नागपूरचा नवा साहेब येनार हाय, त्याच्याजोळ कागद हाय — वळनाले काई कारन असन, नाला, भुसभुशीत जमीन, पीराची जागा, तर वळन राहीन. अन् कारन नसन तर सडक सरळ होईन, गोवर्धनच्या मळ्यातून, त्याच्या इहिरीवरून. अन् त्या टायमाचा जिता मानूस मी एकच उरलो. म्हनून तुमी माह्या खाटंवर बसून हा, नाईतर मले आता कोन इचारते?

रुख्मिणी कोन? गोवर्धनची सून. अन् गोवर्धन माळी म्हंजे — येता येता वळनाच्या आतल्या अंगाले हिरवा मळा नाई दिसला, शेवंती अन् वांग्याचे वाफे? त्याचाच तो. आता पडून राह्यते बिचारा, एक बाजू लुळी पडली हाय, जबान मातर साबूत हाय. त्यानंच धाडलं होतं तिले. म्हने, हुसेनभाऊले सांग, एकदा मळा वाचवला, आता अजून एकदा वाचव.

एकदा वाचवला म्हंजे? — हां. आता पाहा, नाल्याची गोष्ट परक्या मानसासाठी हाय. गावच्या मानसाले दुसरी मालूम हाय, ती सांगतो. तवाच्या मोजनीवाल्या साहेबाची लाइन राजापेठंकडून सरळ येऊन राह्यली होती, अन् ती मळ्याच्या मधोमध जात होती. आदल्या सांजीले गोवर्धन माह्याकडं आला. माह्याच उमरीचा, बाप नुकताच गेलता, इहीर बापानं सोताच्या हातानं खंदलेली. त्यानं माह्या पायावर डोस्कं ठेवलं साहेब. म्या म्हनलं, अरे गड्या, मी झेंडीवाला, मले कायले हात जोडतं? माह्या हातात काय हाय? गेला बिचारा. दुसऱ्या दिवशी मले हुकूम — मळ्याच्या पल्याड टेकाड हाय, त्याच्यावर बांबू घेऊन उभा राह्य, साहेब इकडून दुर्बिनीतून पाहीन, तीच लाइन. तर मी टेकाडावर गेलोच नाई. चाळीस-पन्नास हात बाजूले उभा राह्यलो. साहेबानं बांबू पाह्यला, हात हालवला, खुंट्या ठोकल्या, अन् मळा राह्यला बाजूले. बडनेऱ्याकडून दुसरी टोळी आपली सरळ येत होती — दोन्ही तोंडं जुळता जुळेनात, मंग सडक वाकवून जुळवली. साहेबाले ताप भरला होता, बदलीचा हुकूम खिशात होता, त्यानं सही केली अन् गेला. हे तुमचं वळन. हुसेनानं माळ्याच्या इहिरीसाठी सरकारची सडक वाकवली, गावात अजून सांगतात. मुसलमानाच्या पोरानं, म्हन्तात. आयकाले बरं वाटते, नाई? तुमालेबी बरं वाटून राह्यलं, तोंडावर दिसते.

त्याच दिवशी गोवर्धन टोपलं घेऊन आला — वांगे, हिरव्या सांबाराची जुडी, अन् वर शेवंतीचा हार. तो हार त्यानं माह्या गळ्यात घातला. तुमच्या गळ्यात पडले असतीन हार, शिकेल मानूस तुमी. माह्या गळ्यात कोनं घातला होता? लग्नातला सेहराबी दुसऱ्याचा मांगून आनेल. तो म्हने, तू माहा भाऊ. माही माय दारात उभी राहून रडून राह्यली होती. अन् मंग दर बजाराच्या दिवशी टोपलं. कदी मेथी, कदी वालाच्या शेंगा, ईद असली तर फुलं. माही हलीमा पह्यल्या बाळंतपनात अडली, तर गोवर्धनची बायको मनकर्णा रातभर तिच्या उशाशी बसून होती, सकाळी पोरगी झाली तवाच उठली. पोरीच्या निकाहाले मांडवाची सारी फुलं त्याच्या मळ्यातली. तीस वर्सं, साहेब. तीस वर्सं त्या मानसानं मले —

काय? टेकाडावर कावून नाई गेलो? आता सांगतलं ना, गोवर्धनसाठी. — हो, सांजीले म्या त्याले म्हनलं होतं माह्या हातात काई नाई. मंग? रातीतून इचार बदलला असन. मानसाचा बदलत नाई काय? — असे पाहू नोका माह्याकडं. तुमी पोलिसातले हा का सडकंवाले? अन् ती पेन्सिल खाली ठेवा अगुदर. ठेवा. हां.

कडूलिंबाचं झाड होतं तथी. बस.

झाड, साहेब. सावली. उन्हाळ्याचे दिवस, दुपार, जमीन तव्यावानी. टेकाडावर जाचं तर मळ्याचं काट्याचं कुंपन ओलांडाचं, पायात वाहान नाई, टेकाडावर आडोशाले उलसं झुडूप नाई. अन् साहेब लोक दुर्बीन लावून बसले का तास-तास उठत नाईत. म्या म्हनलं, इतक्या दुरून त्याले काय दिसते? बांबू दिसला का झालं. लिंबाखाली उभा राह्यलो, बुंध्याले पाठ लावली, बांबू तेवढा सरळ धरला. गोवर्धन माह्या ध्यानातबी नोयता. खुदाची कसम, मळा नाई, इहीर नाई, काई नाई. मले झोप येऊन राह्यली होती. ज्यानं पाय धरले त्याचं नावबी आठवलं नाई मले त्या टायमाले — अन् सांजीले तोच हार घेऊन दारात. तवा सांगाचं होतं. तवा सोपं होतं, दोघंबी हासलो असतो. पन हार गळ्यात होता, माय पाहून राह्यली होती — म्या म्हनलं, उद्या सांगीन.

एकाच मानसाले सांगतलं, हलीमाले. पोरगी झाली त्याच्या चाळिसाव्या दिवशी. ती भाजी निवडत होती, त्याचीच भाजी, निवडत राह्यली. पन त्या दिवसापासून तिनं गोवर्धनचं टोपलं कदी रितं वापस नाई केलं — गूळ ठेवे, शेंगा ठेवे, काई नसलं तर त्याच्या नातवंडाइसाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवून ठेवे. डोळे गेले तरी चाचपून चाचपून शिवे. मले एक सबद कदी बोलली नाई. बोलली असती तर बरं झालं असतं. आता तिलेबी सहा वर्सं झाले जाऊन.

इथपावतर झालं असतं तरी म्या म्हनलं असतं, जाऊ द्या, कोनाचं काय बिघडलं? सडक वाकडी तर वाकडी, बैलाले काय फरक पडते? पन आता मोटरा आल्या. रुईच्या गाठी लादेल लाऱ्या टेसनाकडं अशा धावतात — अन् वळनावर लिंब वाढून एवढा झाला, इकडचं तिकडं दिसत नाई. चार वर्सं झाले. गोवर्धनचा पोरगा सूर्यभान, एकुलता एक, सकाळच्या पारी गाडीत दोडके भरून बजाराले निंघाला. वळनावर लारी आली. मी आवाज आयकून पळत गेलो, या घरून. बैल एक जागेवरच गेला होता, एक उभा होता, जू गळ्यात. सडकभर दोडके. अन् सूर्यभान — राहू द्या. त्याले म्या खांद्यावर खेळवला होता, मले काका म्हने.

तिसऱ्या दिवशी गोवर्धन ओट्यावर बसला होता, मी बाजूले. माहा हात हातात घेतला त्यानं. म्हने, हुसेनभाऊ, मळा वाहनारा पोरगा गेला, पन मळा तरी हाय, नातवंडं उपाशी नाई मरनार — अन् हे तुह्यामुळं. माह्यामुळं! पोराच्या तिरडीवरचे फुलं अजून सुकले नोयते, अन् तो माहे उपकार मानून राह्यला होता. म्या काय केलं? म्या त्याच्या पाठीवर हात फिरवला. तुमी असते तर काय केलं असतं? — नाई, सांगू नोका.

थकलो मी साहेब. खडी फोडून मानूस थकते, झोपते, सकाळी उठते. हे थकनं येगळं हाय, येच्यावर झोप चालत नाई.

तुमी आल्याबराबर म्या नाला कावून सांगतला, आलं ना ध्यानात? गोवर्धनचा निरोप होता. म्या ठरवूनच ठेवलं होतं का नाला सांगाचा, भुसभुशीत जमीन सांगाची, अंगठा लावाचा. निदान एकदा तरी खरंच त्याचा मळा वाचवाचा, मंग मेलो तरी चालते. पन रुख्मिणी काल निरोप सांगून दारापावतर गेली, अन् मंग वापस फिरली. डोक्यावरचा पदर असा गच्च धरून म्हने, काकाजी, मामंजीनं सांगाले लावलं ते म्या सांगतलं. आता माहं आयका. माहे दोन्ही पोरं त्याच वळनावरून शाळेत जातात. मी रोज कुंपनाशी उभी राह्यतो ते दिसेनासे होयेपावतर, अन् मंग लारीचा आवाज आला का माह्या हातातलं खुरपं गळून पडते. मळ्याचं काय, पट्टीभर जमीन जाईन, बाकीच्यात मी वांगे लावीन, दुसरी इहीर खंदू. सडक सरळ होऊ द्या काकाजी. — अन् गेली. मामंजीले सांगू नोका, एवढंबी म्हनलं नाई तिनं.

मंग आता सांगा, कोनाचं आयकू? — मलेच मालूम हाय कोनाचं. मालूम हाय म्हनूनच इतकं बोलून राह्यलो, नाईतर नाल्यावरच अंगठा लावून तुमाले वाटंले लावलं नसतं काय?

लिहा. पेन्सिल घ्या अन् लिहा. वळनाले काई कारन नाई. नाला नाई, पीर नाई, जमीन पक्की हाय, हात-दीड हाताखाली मुरूम हाय. झेंडीवाला चुकीच्या जागी उभा होता. त्याचं नाव लिहा. सावलीत उभा होता हेबी लिहा. — सरकारी कागदात सावली लिहिता येत नाई? मंग नोका लिहू. अथी का अंगठा? शाई जरा जास्तच लागली. हां. झालं.

खुंट्या कवा ठोकता? सोमवारी? म्हंजे मधात दोन दिवस हायेत. नाई, दोन दिवस कायले, आताच जातो मी. या टायमाले त्याचं जेवन झालेलं राह्यते, रुख्मिणी त्याले भितीले टेकवून बसवते. तीस वर्सं त्याच्या ओट्यावर बसून दुनियेच्या बाता मारल्या — आज पह्यला सबद कोनता काढू? तुमी शिकेल मानूस, सांगा. — जाऊ द्या, सुचन तथी गेल्यावर.

नाई, तुमी संगं येऊ नोका. तुमाले माह्यासंगं पाह्यलं तर त्याले वाटन, हुसेनभाऊ साहेबाले घेऊन आला, काम झालं. मी तोंड उघडाच्या अगुदरच हात जोडन तो. त्या एका चांगल्या हातानं कसा जोडते मालूम हाय तुमाले? म्हनून म्हन्तो, जा. सायकल उचला अन् मळ्यावरून नोका, गावाच्या बाजूनं जा. भांडं राहू द्या तथीच, मी पाहीन. जा ना बाप्पा.