दारावरच्या दुसऱ्या कुलुपाबाबत

नाव : अनिरुद्धराव सेतुमाधवराव (आमच्याकडे आडनाव लावत नाहीत, वडिलांचे नाव लावतात)
वय : ६४ वर्षे
व्यवसाय : निवृत्त शिक्षक, गणित
कायमचा पत्ता : मेल वीथी, तंजावूर, तमिळनाडू
हल्ली मुक्काम : खारकिनारा सोसायटी, दुसरा मजला, ऐरोली, नवी मुंबई, कालपासून त्याच मजल्याचा जिना

मी आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आलो असून, विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे की,

माझी मुलगी शांभवी ही खाडीच्या पलीकडे मुलुंडला एका रुग्णालयात डायलिसिस विभागात नोकरीस आहे. तिची ड्यूटी कधी पहाटेची तर कधी रात्रीची असते. त्यामुळे खाडीपुलाची बस जवळ पडेल असे घर तिला हवे होते. तिचे बिऱ्हाड लावून देण्यासाठी मी व माझी पत्नी चंद्रमती तंजावूरहून आलो. घर दाखवणारा एजंट म्हणाला की, या सोसायटीत फक्त मराठी कुटुंबाला जागा देतात. मी म्हणालो, मग प्रश्नच मिटला. दुसरे एकही घर मी पाहिले नाही. त्याच दिवशी तंजावूरला भावाला फोन करून सांगितले की, आपण मराठी म्हणून आपल्याला घर मिळाले. आज हे सांगताना माझे मलाच हसू येते.

हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, आम्हाला हिंदी येत नाही. या शहरात भाजीवाला असो, रिक्षावाला असो, मी मराठीत बोललो की समोरचा हिंदीत उत्तर देतो. बसच्या कंडक्टरला मी म्हणालो, "मज हिंदी येत नाही हो. मराठींत सांगा कीं." तो म्हणाला, "अंकल, हिंदी में बोलो ना." त्याच्या छातीवरच्या पट्टीत काय लिहिले आहे ते मी शांभवीला विचारले, ती इथे कामावर देवनागरी वाचायला शिकली आहे. नाव अस्सल मराठी होते. बसवरची पाटीही मला वाचता येत नाही, दर वेळी कोणाला तरी विचारावे लागते. याबद्दल माझी तक्रार नाही. नवे गाव म्हणून आम्ही ते सोसले.

माझी पत्नी रोज सकाळी दारात तांदळाच्या पिठाचे कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, घालते. तिच्या बहिणीशी ती फोनवर निम्मे तमिळ व निम्मे मराठी बोलते. यावरून सोसायटीचे सेक्रेटरी श्री. वसंत उकिडवे यांना आम्ही मराठी नसल्याचा संशय आला असे ते स्वतःच म्हणाले. रविवारी संध्याकाळी त्यांनी मला सोसायटीच्या ऑफिसात चहाला बोलावले. मी धुतलेली वेष्टी, म्हणजे आमच्याकडचे पांढरे धोतर, नेसून गेलो. तिथे आणखी सभासद बसले होते. चहा आला नाही. उकिडवे यांनी पाण्याची टाकी धुण्याची सूचना फळ्यावरून काढली, माझ्यापुढे धरली व म्हणाले, "वाचा."

मी सांगितले की, ही लिपी मला येत नाही. तंजावुरात आम्ही शाळेत तमिळ शिकतो. मराठी घरात शिकतो, आईच्या तोंडून. त्यावर ते म्हणाले, "मराठी माणसाला मराठी वाचता येत नाही? कोणाला बनवताय?" सगळे हसले. मी म्हणालो, माझ्या आजोबांची पत्रे मोडी लिपीत आहेत, ती तुम्ही वाचून दाखवाल काय? ते म्हणाले, तो मुद्दा नाही.

मुद्दा तोच आहे असे माझे म्हणणे आहे. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर दक्षिणेत गेले. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात ही भाषा चालू आहे. कोणी सक्ती केली नाही, कोणी शाबासकी दिली नाही. आजही मेल वीथीत 'मराठी रायर', म्हणजे मराठी राव, कुठे राहतात असे विचारा, कोणीही आमचे दार दाखवील. तिथे आम्ही मराठी. इथे आल्यावर मद्रासी. उकिडवे यांची नातवंडे जिन्यात रोज इंग्रजीत भांडतात, ते मी ऐकतो. त्यांना कोणी सूचना वाचायला लावलेली नाही.

काल सोमवारी शांभवी ड्यूटीवर असताना आम्ही दोघे बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा आमच्या सेफ्टी डोअरला आमच्या कुलुपाशेजारी दुसरे कुलूप होते. उकिडवे म्हणाले, तुम्ही खोटे सांगून घर घेतले, आता मालक परदेशातून आल्यावरच सामान मिळेल. मालकाचा फोन लागत नाही. शांभवीचा गणवेश आत आहे. ती रात्री मैत्रिणीकडे झोपली. मी व पत्नी जिन्यावर बसून राहिलो, कारण पत्नी तेथून हलेना.

घरात आमचा देव्हारा आहे. त्यात खंडोबाचा टाक आहे. तो आमच्या पूर्वजांनी जेजुरीहून दक्षिणेत नेला. आमच्या घरात देवाला कधी पाणी चुकलेले मला ठाऊक नाही. शांभवीच्या बिऱ्हाडात देव असावा म्हणून तो आम्ही मांडीवर घेऊन आणला. देव इतक्या पिढ्यांनी आपल्या मुलखात परत आला आणि आल्याआल्या कोंडला गेला.

आज सकाळी पत्नीने उकिडवे यांना हात जोडले. ती म्हणाली, "मज घर नको हो. देवास पाणी घालूं द्या. एक घडी दार उघडा." उकिडवे म्हणाले, "माताजी, समझा करो, रूल है." मराठी सेक्रेटरीने मराठी बाईला, तिने मराठीत केलेल्या विनंतीचे उत्तर हिंदीत दिले. हे वाक्य जसेच्या तसे लिहावे असा मी आग्रह धरला व ते लिहून घेतले आहे.

इथे पोलीस ठाण्यात आल्यावर कळले की, उकिडवे यांनी आधीच येऊन मी फसवणूक केल्याचा अर्ज दिला आहे. हवालदार साहेबांनी विचारले की, आपण मराठी असल्याचा काही पुरावा आहे काय. मी म्हणालो, "साहेब, मघापासून मी कोणत्या भाषेंत बोलतों आहें?" साहेबांनी तेही लिहून घेतले.

ते दुसरे कुलूप आज पोलिसांसमक्ष काढावे एवढीच माझी मागणी आहे. शांभवी म्हणते, "अप्पा, सोडून देऊं, दुसरें घर पाहूं." घर सोडायचे की नाही ते आम्ही आत बसून, देवाला पाणी घालून ठरवू. खोटारडा म्हणवून घेऊन जिन्यावरूनच निघून जाणार नाही.

माझा हा जबाब मला वाचता येत नसल्याने हवालदार साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवला. माझे बोलणे त्यांनी इथल्या वळणाचे केले आहे, त्यास माझी हरकत नाही. मजकूर मी सांगितला तसाच आहे व शब्दन् शब्द मला समजला. खाली मी तमिळ लिपीत सही करतो. श्री. उकिडवे समोरच्या बाकावर बसले आहेत. त्यांना ती वाचता येणार नाही, म्हणून सांगून ठेवतो : तिथे अनिरुद्धराव असे लिहिले आहे.