मांडून ठेवलेला पाट

मंडळी, तुम्ही तांजोंग पगारहून, पाया लेबारहून, ऑफिसच्या कपड्यांतच थेट आलात. ताईच्या वतीने सगळ्यांना नमस्कार. मी तिचा धाकटा भाऊ, विनायक. गेलेले प्रकाश देसाई माझे भाऊजी. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे.

भाऊजी अमेरिकेच्या नौदलात होते, शेवटची नेमणूक इथे सिंगापूरला. बोटीवरच्या गोष्टी तुम्ही त्यांच्याकडून ऐकल्या असतीलच. मी जेवणाच्या टेबलावरची एक सांगतो.

त्यांच्या नोकरीत शिक्षणाची सवलत होती. काही महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करतं. स्वतः शिकायचं नसेल तर ती बायकोमुलांच्या नावावर करता येते. पण नोकरीत असेपर्यंतच. शिवाय आणखी चार वर्षं नोकरी करायची कबुली द्यावी लागते. भाऊजी तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होते. गुडघे दुखत होते. तरी त्यांनी कबुली दिली.

त्या संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन बसले. मला म्हणाले, "विनू, तू बस शेजारी. नावं पासपोर्टात आहेत तशीच आली का बघ. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही." मी अक्षर न् अक्षर तपासलं. ताई मटार सोलत होती. तिने वाकून पाहिलं. जवळजवळ सगळे महिने सानिकाला, लेकीला. ताईच्या नावापुढे फक्त एक.

"एक महिना?" ताई म्हणाली. "महिन्याभरात काय शिकू मी, पोळ्या गोल करायला?"

"त्याला वर्ष लागेल," भाऊजी म्हणाले.

ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तुम्हाला ठाऊक नसेल, आमची आई गेली तेव्हा ताई कॉलेजात होती. मला सांभाळायला तिने ते सोडलं. इथे बुकित पंजांगच्या बालवाडीत ती मदतनीस होती. मुलांना तीच शिकवायची, पण पदवी नसल्यामुळे बाई म्हणवून घेता येत नव्हतं. अशा बाईला एक महिना?

मला राहवेना. मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "अरे, मी नोकरी सोडल्यावरही महिने इकडचे तिकडे करता येतात. नवं नाव घालता येत नाही. पंगतीत पाट मांडून ठेवायचा. वाढायचं मागाहून बघू."

मग तसंच झालं. भाऊजी निवृत्त झाले. सानिकाला इथल्याच विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. ती म्हणाली, "यू टेक लाह, आई. तूच घे. मला नको." भाऊजींनी सगळे महिने ताईकडे वळवले. ताई पुन्हा कॉलेजात गेली, लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसायला. परीक्षेच्या दिवशी भाऊजी तिला स्टेशनपर्यंत सोडायला जायचे. मी म्हणायचो, ती काय लहान आहे? ते म्हणायचे, "मला सोडायला ती बंदरावर यायचीच की."

गेल्या आठवड्यात भाऊजी झोपेतच गेले. ताईचं शेवटचं सत्र राहिलं आहे. परवा ती म्हणाली, "आता कशाला शिकू? दाखवू कुणाला?" सानिका म्हणाली, "आई, बाबांनी तुझ्यासाठी चार वर्षं जास्त काढली. तू एक सत्र काढ."

सकाळी पाहिलं तर तिची कॉलेजची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

मंडळी, मला दुःख आहे. पण माझं मन शांतही आहे. माणूस आपलं काम वेळेत आटपून गेला. ताई, सोमवारी स्टेशनपर्यंत मी येतो.

भाऊजींनी तुझ्या नावावर एक महिना ठेवला होता. आता आपण सगळे उभे राहू या, आणि त्यांच्या नावावर एक मिनिट ठेवू या.