लाईटच्या पाइपात ओढलेली केबल

घरात इंटरनेट घेताय ना, मग आधी हे ऐका. बमरोलीला माझ्या ताईकडे केबल टाकायला माणूस आला. म्हणाला, “लाईटच्या पाइपात नको, वेगळी पट्टी मारून नेतो.” ताईचे यजमान, आमचे दाजी, म्हणाले, “आत्ताच रंग दिलाय, भिंतीवर काही दिसायला नको.” मग दाजींनी स्वतःच केबल लाईटच्या जुन्या पाइपात ओढली. आतली लाईटची वायर सोललेली होती. एके दिवशी केबलमध्ये करंट उतरला आणि कॉम्प्युटर जळाला. आमच्या मायने जाण्याआधी गायलेली लग्नाची अहिराणी गाणी फक्त त्यातच होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला, काहीच परत मिळणार नाही. दाजी हळूच म्हणाले, “उद्याच नवा आणतो.” ताई म्हणाली, “आणा. पण त्यात माय कुठून आणाल?”