विळीवर नाही, प्रेसवर

माझा जन्म ठाण्याचा, कोपरीतला. गाव साताऱ्याकडं, पण गावाला आम्ही जत्रेपुरते. मी नववी नापास, गणितात दोनदा गेली, मग आईच बोलली, मंदे, बास झालं, पुस्तकं रद्दीत घाल आणि कामाला लाग. लग्न होऊन डोंबिवलीला आली, कोपर स्टेशनच्या बाजूला चाळीत, ती अजून तिथंच आहे. आमचे हे शिंपीकाम करतात, पिको-फॉल, अल्टरेशन. स्वभावानं एकदम गरीब माणूस, घरात ओरडायचं असलं तर ते काम माझ्याकडं.

एमआयडीसीत एक छोटा गाळा होता, आम्ही सात जण, पॉवर प्रेसवर पत्र्याचे वॉशर काढायचो. पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, की पुढचा पत्रा. अकरा वर्षं मी तीन नंबरच्या प्रेसवर. बाकीचे बोलायचे, मंदाताईची प्रेस दुसऱ्याचं ऐकत नाही, आणि खरंच नाही ऐकायची, नवीन माणूस बसला की अडकायचीच. आमच्याकडं दसऱ्याला एक रीत होती, ज्याचा हात ज्या मशीनवर, त्यानंच तिची पूजा करायची. शेठ स्वतः आरतीचं ताट घेऊन बाजूला उभा राहायचा. मी नवी साडी नेसून जायची, तीन नंबरला झेंडूचा हार घालायची, हळदकुंकू लावायची. लोखंड झालं म्हणून काय झालं, पोटाला तिनंच घातलेलं ना.

तर काय सांगू तुम्हाला, प्रेसच्या तोंडाशी बोटं वाचवायला जाळी असते, ती शेठनं काढायला लावलेली, जाळी असली की माल कमी निघतो बोलायचा. एका दुपारी पत्रा सरकवला आणि हात मागे यायच्या आत ठोका पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मला आधी कळलंच नाही, सुनंदा किंचाळली तेव्हा मी हाताकडं बघितलं. ही सुनंदा माझ्या बाजूच्या प्रेसवर, राहायलाही आमच्याच चाळीत. तिनं आपला पदर फाडून हात बांधला.

रिक्षात एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला शेठ. शेठ वाईट नव्हता हो, घाबरट होता. लहान पोरासारखा रडत होता. बोलला, मंदाताई, डॉक्टरांनी विचारलं तर घरी विळीवर कापलं म्हणा, नाहीतर गाळ्याला कुलूप लागेल, सात घरांच्या पोटावर पाय येईल. आणि मी येडी, तशा हालतीत मलाच त्याची दया आली. डॉक्टरनी विचारलं, कुठं लागलं, आणि मी माझ्या तोंडानं सांगितलं, घरी, विळीवर.

दवाखान्याचा खर्च त्यानं दिला, महिनाभराचा पगार दिला, मग फोन उचलेना. मी गाळ्यावर गेली तर खाली बघून बोलला, माणुसकीनं करायचं ते मी केलं, आणि कागदावर तर विळीच आहे ना, शिवाय तुम्ही इथं झाडूपोछाला यायच्या, मशीनवर कुठं होता. बोटं गेली तेव्हा नाही रडली, तेवढी त्या दिवशी रडली. अकरा वर्षं एका शब्दात पुसून टाकली मेल्यानं.

घरी वेगळीच पंचाईत. ब्लाउजचे हुक लावता येईनात, सुनंदाला हाक मारावी तर तीही कामावर. यांना सांगायची लाज. एक दिवस कपाट उघडलं तर काय, माझ्या सगळ्या ब्लाउजचे हुक काढून यांनी चपलांना असते तसली चिकटपट्टी शिवून ठेवलेली. मी विचारलं, हे कधी केलंत, तर म्हणे, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. असा माणूस आहे.

यांनीच मला टेंभी नाक्याजवळ एका वकीलबाईंकडं नेलं. मी आपली हात जोडून बोलली, काही मदत मिळाली तर बघा. त्या बोलल्या, मावशी, मदत नाही, हा हक्क आहे तुमचा. कामावर लागलं की भरपाई मालकानं द्यायची, नेमणुकीचा कागद नसला तरी, तुमचं लक्ष चुकलं असलं तरी. पण दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. माझं तर दीड वर्ष उलटून गेलेलं! आणि तुम्ही मशीनवर होता हे दाखवायला काय आहे, त्यांनी विचारलं. मी काय दाखवणार, सुनंदाला साक्षीला ओढावं तर तिचं काम जाणार, आणि माझंच तोंड माझ्या विरोधात.

संध्याकाळी सुनंदा घरी आली, मी सगळं सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला. अगं बये, दसऱ्याचा फोटो आहे ना! शेठनंच गाळ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला. मोबाइल उघडला, तर मी हार घालतेय तीन नंबरला, आणि बाजूला आरतीचं ताट घेऊन शेठ. तो फोटो लावून वकीलबाईंनी मुदतीच्या आत दावा टाकला.

ठाण्याला कामगार कोर्टात मी उभी राहिली. साहेबांनी विचारलं, विळीवर लागलं असं तुम्हीच सांगितलेलं ना. मी बोलली, हो साहेब, मीच खोटं बोलली, शेठ रडला म्हणून बोलली, पण मला लागलं ते प्रेसवर. मग शेठला फोटो दाखवला. तोपर्यंत तो मला ओळखतही नसल्यासारखं बोलत होता. त्यानं फोटो हातात घेतला. साहेबांनी विचारलं, ही बाई याच मशीनवर होती ना. त्यानं नकळत चपला काढल्या, हळदकुंकवाकडं बघत बोलला, होय, ही तिचीच मशीन, लागलं तेही हिच्यावरच. पूजेच्या फोटोपुढं खोटं बोलवेना त्याला.

निकाल माझ्या बाजूनं लागला. किती मिळाले ते नाही सांगत, नजर लागते. आता मी यांच्या दुकानात बसते, डाव्या हातानं मापं लिहून घेते, पाच आणि सहा सारखेच येतात, हे हसतात. बायका येतात, कुणाचं काय लागलेलं असतं, त्यांना पहिलं हेच सांगते, डॉक्टरला खरं सांग गं, दया मागाहून कर.

गाळा चालू आहे, कुलूप-बिलूप काही लागलं नाही. सुनंदा अजून तिथंच आहे, बोलते, तीन नंबरला आता जाळी बसवलीय, एक नवीन मुलगी बसते. दसऱ्याला मी सुनंदाकडं झेंडू देते, माझ्या नावानं वाहा बोलते. आणि त्या मुलीची दहाच्या दहा बोटं जागेवर राहू देत, एवढंच मागते.